कुणाची पन्नास पावलं?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगणा आहे आणि त्याच्या मधोमध डार्टमूर नावाचा उघडाबोडका माळ. शेरलॉक होम्सची बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट घडते, तो हाच. या माळावर दगडांच्या कपारीत, गवताच्या गड्ड्यांखाली, झाडांच्या मुळांत लोकांनी हजारो डबे लपवून ठेवले आहेत. डब्यात मौल्यवान काही नसतं. एक रबरी शिक्का, एक वही, असलं तर शाईचं पॅड. कुणीतरी लिहिलेल्या खुणा वाचत डबा शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा लपवून चालू पडायचं. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. प्लिमथच्या एका प्राथमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट आहे, आणि उन्हाळा आला की पाचवीच्या मुलांना बरेटर तलावाकाठच्या रानात या खेळासाठी नेणं हे माझ्या कामात येतं.

मला हा नाद लावला आमच्या शाळेच्या केअरटेकरनी. शाळेत सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात. मला अजून ते जमत नाही, मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. बॉयलर, गळकी छपरं आणि हरवलेले कोट यांतून सुटले की काका माळावर असतात. शंभर डबे शोधले की इथे हंड्रेड क्लबचा कापडी बिल्ला मिळतो. काकांनी तो कधीच मिळवलेला आहे, पण अंगावर लावलेला मी पाहिला नाही. विचारलं तर म्हणाले, बिल्ला बघून लोक माझ्या मागे मागे येतात.

खेळाचं मूळ सांगतात ते असं. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा माळावरचा वाटाड्या. 1854 मध्ये त्यानं क्रॅनमिअर पूल नावाच्या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर तंगडतोड करून पोचणाऱ्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड तीत टाकायचं, म्हणजे आलो होतो याचा पुरावा राहील. पूल म्हणजे डबकं, पण आज तिथे पाणीसुद्धा नाही, नुसती पीटच्या काळ्या मातीची खळगी आहे. बाटलीच्या जागी पुढे पत्र्याचा डबा आला, 1905 मध्ये वही आली आणि 1907 मध्ये शिक्का. मधल्या काळात लोक आपलाच पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड डब्यात ठेवून जात. पुढचा येणारा ते घेऊन आपल्या गावाहून पोस्टात टाकी. तुमचं कार्ड कधी परत येईल आणि कुठल्या गावाचा शिक्का मिरवत येईल, काही सांगता यायचं नाही. लेटरबॉक्स हे नाव त्यातूनच पडलं. 1976 च्या सुमारास अख्ख्या माळावर पंधराच्या आसपास डबे होते म्हणतात. त्यानंतर मात्र लोकांना वेड लागलं.

क्रॅनमिअरला नऊ-दहा वर्षांची मुलं नेणं शक्य नाही. वाट दलदलीची, आणि तो भाग लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत. लाल बावटा लागला की आत पाऊल टाकायचं नाही. बरेटर त्या मानानं अगदी गरीब. शहरापासून फार लांब नाही, बस जाते, तलावाभोवतीचा रस्ता साडेपाच-सहा किलोमीटरचा आणि जवळजवळ सपाट. शाळेच्या कागदावर या सहलीच्या श्रेणीपुढे ‘सोपी’ असं लिहिलेलं असतं. पायांना सोपी, एवढाच त्याचा अर्थ.

हा तलाव प्लिमथला पाणी पाजतो. मीव्ही नदीवरचं धरण 1898 मध्ये पुरं झालं आणि 1928 पर्यंत त्याची उंची वाढवली. त्याआधी तीनशे वर्षं शहराची तहान भागवली ती ड्रेकच्या पाटानं. हा ड्रेक म्हणजे आरमारवाला सर फ्रान्सिस ड्रेक. 1591 मध्ये त्यानं मीव्हीचं पाणी सुमारे 27 किलोमीटर लांब पाट काढून प्लिमथला नेलं, आणि त्याच पाटावर पिठाच्या चक्क्या चालवून स्वतःची सोयही पाहिली. पाटाच्या तोंडाशी असलेला बंधारा आता तलावाच्या पोटात आहे. दरवर्षी शहराचे मानकरी तलावावर येऊन ड्रेकच्या नावानं पाण्याचा आणि मग वाइनचा पेला उचलतात. मुलांना हे सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो: मिस, मग आपल्याला काय मिळणार? आपल्याला बाटलीतलं पाणी आणि चीज सँडविच.

रानात माझा वेळ जातो तो जुन्या गडग्यांपाशी. ओक, बीच आणि स्प्रूसच्या दाटीत मध्येच कमरेएवढा रचीव दगडांचा गडगा दिसतो, शेवाळानं हिरवागार. त्याला खाचा पाडलेला ग्रॅनाइटचा खांब, एके काळी फाटकाचे वासे अडकवायचा. आत गेलं तर चुलाणं, गोठ्याची फरशी. ही शेतं होती. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून शहरानं पाणलोटातल्या जमिनी घेतल्या, कुळं उठवली आणि वर झाडं लावली. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं आणि मामांची घरं रायगड जिल्ह्यात बसवली, म्हणून धरण म्हटलं की मी आधी बुडालेलं काय ते शोधते. इथली शेतं तर बुडालीही नाहीत. काठावर कोरडी उभी आहेत. हे मी मुलांना सांगते, पण त्याचा धडा करत नाही. त्यांना त्या खांबांचा दुसरा उपयोग आहे: खूण म्हणून खांबासारखं काही नाही. तो वाढत नाही, वाळत नाही, हिवाळ्यात पानं गाळत नाही.

आता कामाचं. सहलीआधी दोन मोठ्या माणसांनी वाट चालून पाहायची असते. फोनला रेंज कुठे जाते, रस्त्याला गाड्या किती, तलावाचा उतार कुठे घसरडा, शौचालय कुठे. मग तक्ता भरायचा: धोका काय, कुणाला, किती, उपाय काय. दम्याचे पंप, ॲलर्जीची इंजेक्शनं, शेंगदाणे वर्ज्य. गोचीड हा मोठा विषय आहे, कारण इथल्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. म्हणून पँटचे पाय मोज्यात खोचायचे आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे पाहायचं, अशी चिठ्ठी पालकांना जाते. डबे मात्र आम्ही त्या दिवसापुरतेच ठेवतो, तलाव सांभाळणाऱ्यांना विचारून, आणि संध्याकाळी उचलून आणतो. कायमचा डबा ठेवायचा तर त्याचे रिवाज पाळावे लागतात. गडग्यातला दगड उपसायचा नाही, जुन्या शिळांच्या रांगांत किंवा थडग्यांत ठेवायचा नाही, सिमेंट लावायचं नाही. हे रिवाज काका पाठ म्हणतात.

खरं काम खुणा लिहिण्याचं. आमच्याकडे पाचवीच्या दोन तुकड्या आहेत. एका वर्षी ठरलं की खुणा आम्ही शिक्षकांनी नाही, मुलांनीच लिहायच्या: आमच्या तुकडीनं लपवायचं, दुसरीनं शोधायचं. आमची सहल मे महिन्यात, त्यांची जूनमध्ये. आम्ही जागा हेरायच्या, वर्गात बसून खुणा लिहायच्या, आणि डबे काका आणि मी त्यांच्या सहलीच्या सकाळी नेऊन ठेवणार.

पहिल्या कच्च्या खर्ड्यात बहुतेकांनी लिहिलं होतं: मोठ्या झाडाजवळ, दगडाखाली. रानात मोठं झाड नाही असं काय आहे? मी ते कागद घेऊन मुलांना शाळेच्या मैदानात उभं केलं आणि म्हटलं, मला काही माहीत नाही असं समजा, मला कोपऱ्यातल्या बाकापर्यंत न्या, फक्त कागदावर लिहिलं असेल तेवढंच मी करणार. ‘सरळ जा’ म्हटल्यावर मी सरळ गेले आणि कुंपणाला जाऊन थडकले. वर्ग खिदळला. मग डावा-उजवा सुरू झाला. एक चष्मेवाला मुलगा, एरवी हात वर न करणारा, म्हणाला, ‘डाव्या हाताला’ लिहिलं तर कुणाच्या डाव्या? येणाऱ्याच्या की जाणाऱ्याच्या? त्यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं की आधी तोंड कुठे करायचं ते लिहायचं, मग हात. ‘पुलावर उभे राहा. पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करा. आता उजवा हात.’ वाहतं पाणी ही दिशा कुणी चुकवू शकत नाही, हे त्याचंच म्हणणं.

पावलांचं प्रकरण याहून अवघड निघालं. एका गटानं लिहिलं होतं, खांबापासून पन्नास पावलं. काकांना मी मैदानात बोलावलं. वीस मीटरची दोरी टाकली. काकांची सव्वीस पावलं झाली. वर्गातल्या सगळ्यात छोट्या मुलीची छत्तीस. पन्नास पावलांचा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला: काका साडेअडतीस मीटरवर, ती अठ्ठावीसच्या आत. मध्ये दहा मीटरहून जास्त रान, आणि त्यात डबा एक. त्या दिवशीचा गणिताचा तास कसा संपला ते कळलं नाही. कुणी म्हणालं काकांची पावलं धरू, कुणी म्हणालं छोटीची, कारण शोधणारी मुलंच आहेत. एकानं सुचवलं की पावलं लिहायचीच नाहीत, थेट मीटर लिहायचे. त्यावर दुसरीनं विचारलं, रानात फूटपट्टी कोण नेणार? आणि चढावर पावलं आखूड होतात ते वेगळंच. मी मध्ये पडले नाही. वर्गात वाद असा आपोआप पेटला की शिक्षकानं खिडकीजवळ जाऊन उभं राहावं, हे मी सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवत होते तेव्हापासून मानत आले आहे.

उघड्या माळावर जाणकार लोक खुणा होकायंत्रानं देतात. अमुक टॉर इतक्या अंशांवर, तमुक टॉर इतक्या, आणि दोन रेघा जिथे छेदतील तिथे डबा. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा ग्रॅनाइटचा उघडा खडक. बरेटरच्या रानात ते चालत नाही, कारण झाडांतून टॉर दिसतच नाहीत. आमच्या वाटेवर एकच फट होती जिथून शीप्सटॉरचं टोक दोन फांद्यांच्या मधून डोकवायचं, आणि एका गटानं नेमकी तीच खूण घेतली. काकांनी कागद वाचला, टोपी मागे सारली आणि विचारलं, ही पानं जूनमध्ये केवढी होतील? मुलांनी मे महिन्यातली कोवळी पालवी पाहिली होती. तेच नेच्यांचं. एप्रिलमध्ये नेचे म्हणजे जमिनीतून वर आलेल्या गुंडाळलेल्या मुठी. जुलैत तेच माणसाच्या छातीला लागतात आणि त्यात दगड, वाट, बूट सगळं गडप होतं. खुणा लिहिणाऱ्यानं आपण पाहिलेलं रान लिहून भागत नाही. वाचणारा ज्या दिवशी येईल त्या दिवसाचं रान डोळ्यांपुढे आणावं लागतं. गटानं टॉर खोडला आणि खांब धरला. होकायंत्र पूर्ण सोडलं नाही, पण लोखंडी फाटकाशेजारी उभं राहून काटा वाचू नका एवढी तळटीप घातली; वर्गातल्या स्टीलच्या कपाटापाशी काटा कसा भरकटतो ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

हे सगळं जीपीएसनं क्षणात होतं, असं एका पालकानं मला सुनावलं. होतंच. 2 मे 2000 रोजी अमेरिकेनं जीपीएसमधला मुद्दाम ठेवलेला ढिसाळपणा काढून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकानं बादली पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले; जिओकॅशिंग तिथून सुरू झालं. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्यात शोधणारा पडद्याकडे बघतो, इथे शोधणाऱ्याला दुसऱ्या माणसानं लिहिलेलं वाक्य वाचावं लागतं आणि त्या माणसाला काय म्हणायचं होतं याचा विचार करावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला लावणारं काम शाळेत रोज सापडत नाही. माझी मावसबहीण कनेक्टिकटला असते. 1998 मध्ये स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरच्या लेटरबॉक्सिंगवर लेख आला आणि हा नाद अमेरिकेत पोचला. तिच्या राज्यात आता सरकारी जंगलांतही डबे आहेत, आणि पाच शोधले की चालायची काठी मिळते. तिच्या मुलांनी ती मिळवली आहे. आमच्या मुलांना मी हे सांगितल्यावर काठी नाही म्हणून वर्गाचा थोडा हिरमोड झाला.

शिक्के. मुलांच्या हाती पातं देता येत नाही, म्हणून ती फोमच्या पातळ तुकड्यावर बोथट पेन्सिलीनं दाबून चित्र काढतात आणि तो तुकडा लाकडी ठोकळ्यावर चिकटवतात. पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाची नावं उलटी छापली जातात, आणि ती हवीच, कारण सांगून हे कळत नाही. डब्यातले शिक्के मात्र मी कोरते, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं चित्र काढायचं, तो कागद रबरावर पालथा घालून नखानं घासायचा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापल्यावर सुलटं येतं. मग इंग्रजी व्ही आकाराच्या बारीक पात्यानं रेषेच्या दोन्ही बाजू काढायच्या. वळण आलं की पातं स्थिर ठेवून रबर फिरवायचं. पातं रेषेच्या पोटात तिरकं जाता कामा नये. रेष खालून पोकळ झाली की दहा-बारा ठशांत मोडते. उतार बाहेरच्या बाजूला हवा, शेताच्या बांधाला असतो तसा. माझा स्वतःचा शिक्का कोयरीचा आहे. काकांनी तो पहिल्यांदा पाहून विचारलं, हा टॅडपोल का? आंबा म्हटल्यावर त्यांनी पुन्हा निरखून पाहिला आणि काही बोलले नाहीत.

जूनमध्ये दुसऱ्या तुकडीबरोबर मीही गेले, एक गट सांभाळायला. नियम असा की मला जागा माहीत असली तरी चेहरा कोरा ठेवायचा. मुलं खांबापाशी आली, कागद वाचला, पावलं मोजली, आणि तिघं तीन ठिकाणी पोचली. एकानं ‘पाणी वाहतं तिकडे’ या वाक्यावर पुलावरून काडी टाकून पाहिली. माझ्या चष्मेवाल्याला हे बघायला मिळायला हवं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून कुत्रा घेऊन एक जोडपं आलं. कुणी येत असेल तर शोधणं थांबवायचं, नाहीतर डबा उघडा पडतो, हे मुलांना सांगितलेलं होतं. सहाच्या सहा जणांनी एकदम सँडविच बाहेर काढले आणि ओल्या जमिनीवर फतकल मारून, डबा होता त्याच्या हातभर अंतरावर, अतिशय गंभीर चेहऱ्यानं खायला सुरुवात केली. जोडपं थांबलं, हवापाण्याचं बोललं, कुत्र्यानं एकाचं चीज पळवलं. ती माणसं वळणाआड गेल्यावर जो हशा झाला त्यात एकाचा हात मुळाखाली गेला आणि डबा निघाला. म्हणजे तो शोधून निघाला असं म्हणता यायचं नाही, पण वहीत त्यांनी ठणकावून शिक्का मारला. पेननं लिहू नका, पेन्सिलीनं लिहा, हे काकांचं सांगणं तिथे उपयोगी पडलं. वहीला दमटपणा लागला होता आणि पेनची शाई लगेच पसरली असती.

परतताना तलावाच्या काठच्या शीप्सटॉर गावात बस थांबते. तिथल्या चर्चच्या आवारात सारावाकच्या गोऱ्या राजांची थडगी आहेत. पहिला राजा जेम्स ब्रुक जन्मानं हिंदुस्तानातला, 1868 मध्ये इथे पुरलेला. मुलांना त्यात रस नव्हता. त्यांना शौचालय हवं होतं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीकडून आमच्या वर्गाला एक पत्र आलं, मुलांनीच लिहिलेलं, खाली सगळ्यांचे शिक्के. तक्रारी तीन होत्या. खूण दोनमध्ये पन्नास पावलं कुणाची ते लिहिलेलं नाही. खूण तीनमधला ‘वाकडा ओक’ हा ओक नसून बीच आहे, आणि वाकडेही तिथे चार आहेत. खूण पाचमध्ये विनोद आहे पण दिशा नाही.

आमच्या मुलांनी उत्तर लिहायला तीन तास घेतले, आणि मी ते घेऊ दिले. पहिल्या तक्रारीला त्यांनी छत्तीस आणि सव्वीसचा हिशेब जोडला आणि वर लिहिलं, तुम्ही कुणाची धरलीत? बीचची गोष्ट त्यांनी पुस्तकातली पानं ताडून पाहिली आणि मुकाट्यानं कबूल केली. पाचव्या खुणेबद्दल वर्गात फूट पडली. विनोद चांगला होता असं अर्ध्यांचं अजून मत आहे. शेवटी त्यांनी लिहिलं की एवढं असेल तर आता तुम्ही लपवा आणि आम्ही शोधतो, सहावीत गेल्यावर, सप्टेंबरात.

मुख्याध्यापकांनी हो म्हटलं आहे. सप्टेंबरात नेचे तांबूस व्हायला लागतात, पण आडवे झालेले नसतात, म्हणजे शोधायला सगळ्यात वाईट महिना. बसचा अर्ज, धोक्यांचा तक्ता आणि गोचिडीची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली आहे, आणि दुसऱ्या तुकडीनं काकांना मैदानावर वीस मीटरची दोरी घेऊन बोलावलं आहे.